बेचाळिसाव्या वर्षी दात सरकले: हिरडीपासून तारेपर्यंतची पावणेतीन वर्षे

डिसेंबर 2022 मध्ये आमच्या गावच्या जत्रेला नेहमीप्रमाणे नाटक झाले. माशेलच्या बाजूच्या गावांत जत्रेचे नाटक म्हणजे काय, हे गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढेच की दोन महिने तालमी चालतात, गावातलेच लोक कामे करतात आणि नाटक पहाटे संपले तरी मंडप रिकामा होत नाही. मी अठरा वर्षे त्यात काम करतो आहे. त्या वर्षीचे चित्रीकरण आठवड्याने मोबाईलवर आले आणि दुसऱ्या अंकातल्या माझ्या स्वगतात मला दोन गोष्टी दिसल्या. वरच्या पटाशीच्या दोन दातांमध्ये काळी फट पडली होती आणि 'स' येईल तिथे बारीक शीळ वाजत होती.

रात्री लग्नाचा अल्बम काढला. 2009 सालच्या फोटोत तेच दोन दात एकमेकांना चिकटून होते. मग मोबाईलवरचे जुने फोटो चाळत बसलो. 2014 मध्ये मुलीच्या वाढदिवसाला फट नाही. 2018 मध्ये चुलतभावाच्या लग्नात नखाएवढी, तीही कळून पाहिले तरच. 2021 च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली हसताना ती स्पष्ट दिसते. म्हणजे चार वर्षे माझ्या तोंडात काहीतरी हलत होते आणि रोज दोनदा आरशासमोर दात घासूनही मला पत्ता नव्हता. ज्यांना शंका असेल त्यांनी हे पहिल्यांदा करावे. दात दिसणारे जुने फोटो शोधून तारखेप्रमाणे एका ओळीत लावावेत. डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो, आणि आपल्यालाही 'हे आधीपासूनच असेल' असे म्हणून गप्प बसता येत नाही.

फोटो पाहिल्यावर बाकीचे आठवू लागले. ब्रश केल्यावर थुंकीत लाल यायचे, मी ब्रश बदलून पाहत होतो. उजव्या बाजूला जेवण अडकायचे. वरचा एक दात शेजारच्यापेक्षा लांब झाल्यासारखा वाटायचा आणि सकाळचा उंडा (गोल पाव) पुढच्या दातांनी तोडताना तो किंचित दबायचा. हे सगळे वेगवेगळे आणि किरकोळ म्हणून मी बाजूला ठेवले होते. वाईट वाटायचे ते वेगळ्याच कारणाने. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती, तिच्या वर्गातल्या दोघीतिघींना तारा लागल्या होत्या आणि मी बेचाळीस वर्षांचा. फोंड्यातल्या पतसंस्थेत दिवसभर काउंटरवर लोकांशी बोलतो. आपले वय तारेचे नाही, अशी माझी खात्री होती.

म्हणून जानेवारी 2023 मध्ये मी आधी तारेशिवाय दात सरळ करणाऱ्या पारदर्शक साच्यांकडे वळलो. मोबाईलवर जाहिरात आली, नंबर दिला, आणि एका शनिवारी शहरातल्या त्यांच्या केंद्रात तोंडाचे स्कॅन फुकट करून मिळाले. पडद्यावर माझे दात सरकत सरकत सरळ झालेले दाखवले. आठ महिने, 72,000 रुपये, हप्त्याची सोय, आणि सवलत तीनच दिवस. हिरडीतून रक्त येते असे मी सांगितले तर समोरचा तरुण म्हणाला, "सर, ते सगळ्यांनाच येते." एक्स-रे काढला नाही. हिरडीला कोणी हात लावला नाही. मी मात्र पैसे भरण्याच्या बेतात होतो, हे खरे आहे.

त्या रविवारी वहिनी घरी होत्या. त्या आरोग्य केंद्रात परिचारिका आहेत. मी मोबाईलवरचे ते सरकणारे दात त्यांना दाखवले. त्यांनी पाहिले आणि विचारले, "भावजी, दात कशाने सरकले ते विचारलेत का त्यांना?"

विचारले नव्हते.

"मग पैसे भरायच्या आधी एकदा बांबोळीला जाऊन या. चाळिशीनंतर दात आपणहून हलतात म्हणजे खाली काहीतरी असतं."

6 फेब्रुवारी 2023, सोमवार. रजा टाकली आणि सकाळच्या पहिल्या बसने बाणस्तारी, जुने गोवे करत पणजीला, तिथून बस बदलून बांबोळीला. गोवा दंत महाविद्यालय गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, शेजारीच आहे आणि 1980 पासून चालू आहे. आजवर मी त्याच्यासमोरून शेकडो वेळा गेलो असेन, आत पहिल्यांदाच पाऊल ठेवले. केसपेपर काढला, नाव पुकारण्याची वाट पाहिली, आधी तपासणी विभागात पाठवले, तिथून सबंध जबड्याच्या एक्स-रेला, एक्स-रे घेऊन परत. जेवणाच्या वेळेपर्यंत हेच चालले. ज्यांना जायचे आहे त्यांनी अख्खा दिवस मोकळा ठेवावा, पाण्याची बाटली आणि जुने फोटो बरोबर घ्यावेत, चालू असलेल्या गोळ्यांची नावे कागदावर लिहून न्यावीत. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या, कवळीसाठी आलेल्या. त्यांनी मला विचारले, "तुझे तर सगळे दात आहेत, तू कशाला आलास?" मला उत्तर देता आले नाही.

मग हिरडीच्या विभागात एका तरुण डॉक्टरबाईंनी बारीक खुणा असलेली सळई प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत सरकवली आणि आकडे सांगत गेल्या. दुसरी मुलगी ते तक्त्यावर लिहीत होती. "तीन, दोन, चार. चार, पाच, पाच. सहा, चार, सहा." एका दाताचे सहा आकडे. दुखत फारसे नव्हते. पण तीनपर्यंत ठीक असते हे मी सुरुवातीलाच विचारून घेतले होते, त्यामुळे प्रत्येक पाच आणि सहा आत लागत होता. उजवीकडे वर मागे एक सात आला. हे आकडे मिलिमीटरचे असतात. निरोगी हिरडी दाताला एक ते तीन मिलिमीटरवर धरून असते. त्यापुढे खोल गेले की तिथे खिसा झालेला असतो, त्यात कीटण आणि जंतू साठतात आणि आतले हाड हळूहळू झिजते. मग त्यांनी माझे बोट धरून वरच्या पुढच्या हिरडीवर ठेवले आणि दात मिटायला सांगितले. बोटाखाली दात थरथरला. ती थरथर मी विसरणार नाही.

मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी एक्स-रे प्रकाशावर धरून मला जवळ बोलावले. 2011 मध्ये किडलेली म्हणून माझी खालची उजवी दाढ काढली होती. त्या जागी नवीन बसवून घ्या असे तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितले होते, पण दुखायचे थांबले आणि मी परत गेलो नाही. बारा वर्षांत तिच्या मागची दाढ त्या मोकळ्या जागेत कलंडली होती आणि वरची दाढ खाली उतरली होती. मागून नीट चावता येईना तसा चावण्याचा भार पुढे आला. पुढच्या दातांचे हाड हिरडीच्या आजाराने आधीच कमी झालेले, त्यामुळे ते पुढे ढकलले गेले आणि पसरले. त्या म्हणाल्या, "दात काही सिमेंटमध्ये बसवलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांचा पातळ थर असतो, पाव मिलिमीटरच्या आसपास. दाब सतत एका बाजूने आला की त्या बाजूचं हाड विरघळतं, ताण येतो तिथे नवं बनतं, आणि दात सरकतो. तारेचा इलाज याच गुणावर चालतो. पण हिरडी सुजलेली असताना तार लावली तर उरलेलं हाडही जाईल."

मी स्कॅनच्या आठ महिन्यांचे सांगितले. त्यांनी कोणाला नावे ठेवली नाहीत. फक्त विचारले, "तिथे हे आकडे घेतले होते का?"

अक्कलदाढेने ढकलले असेल का, हेही विचारले, कारण मावशीचे तसे ठाम मत होते. तसे सिद्ध झालेले नाही आणि केवळ तेवढ्यासाठी अक्कलदाढ काढायला सांगत नाहीत, असे उत्तर मिळाले. वयाबरोबर खालचे पुढचे दात थोडे दाटीवाटीने बसू लागणे हे पुष्कळ जणांचे होते, हिरडी चांगली असली तरीही. पण मध्ये नवी फट पडणे, दात लांब दिसू लागणे, हलणे आणि रक्त, हे एकत्र आले की थांबू नये.

शेवटी त्यांनी एक गोष्ट विचारली ज्याची मला अपेक्षा नव्हती. घरात कोणाला मधुमेह? वडिलांना होता. तंबाखू, सिगरेट? नाही. मग एक चिठ्ठी मिळाली, तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीची तपासणी. फोंड्याच्या लॅबमध्ये 450 रुपये घेतले. अहवाल दुसऱ्या दिवशी आला, 7.6. साडेसहा किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह.

त्या संध्याकाळी मी पतसंस्थेतून थेट घरी गेलो नाही, बसथांब्यावर तासभर बसून राहिलो. फट बुजवायला निघालेला माणूस गोळ्यांचे पाकीट घेऊन परतत होता. साखर वाढलेली असली की हिरडीचा आजार लवकर वाढतो, आणि हिरडीचा आजार असला की साखर आटोक्यात यायला जड जाते, दोन्हीकडून. घरच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली, भात निम्म्यावर आणला, दिवसाचे चार गोड चहा बंद केले. बायकोने त्या दिवशी फक्त एवढेच म्हटले, "बरं झालं दातांनी सांगितलं." तिचे ते वाक्य पुढे कितीतरी वेळा उपयोगी पडले.

मार्च आणि एप्रिल 2023 मध्ये बांबोळीला चार फेऱ्या झाल्या. तोंडाचे चार भाग करून एकेका वेळी एक भाग बधीर करायचा आणि हिरडीच्या आत मुळापर्यंत साफ करायचे. बधीर करण्याची सुई सोडली तर दुखले नाही. नंतर दोन दिवस गरम-थंड झोंबायचे. सरकारी संस्थेत त्या कामाची फी नाममात्र होती. माझा खरा खर्च चार दिवसांच्या रजेचा आणि बसचा. तिथे काम करणारे पदव्युत्तर शिक्षण घेत असतात आणि वर अध्यापक पाहणी करतात, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा तपासली जाते. वेळ जातो, पण मला त्याचा आधारच वाटला. ब्रश कसा धरायचा हे बेचाळिसाव्या वर्षी नव्याने शिकलो. पंचेचाळीस अंशांच्या कोनात, हिरडीच्या रेषेवर, हलक्या हाताने. शिवाय दातांच्या मधले बारीक ब्रश. ते वेगवेगळ्या मापांचे असतात आणि कोणत्या फटीला कोणता ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. मी आधी अंदाजाने सगळ्यांत बारीक आणला होता, तो नुसताच आरपार जायचा.

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही म्हणून लिहितो. सूज उतरल्यावर हिरडी आक्रसते. दात आणखी लांब आणि फटी आणखी मोठ्या दिसू लागतात. मे महिन्यात मला वाटले की सगळे बिघडले. जूनमध्ये पुन्हा आकडे घेतले तेव्हा पुढच्या दातांचे सहाचे आकडे चारवर आणि चारचे तीनवर आले होते, रक्त जवळजवळ थांबले होते. दिसायला वाईट आणि प्रत्यक्षात बरे, असा तो काळ होता. वर मागे जिथे सात होता तिथे सहा राहिला. म्हणून ऑगस्टमध्ये त्या भागाची छोटी शस्त्रक्रिया झाली, हिरडी उघडून आतून साफ करून टाके. दहा दिवसांनी टाके काढले. त्या दहा दिवसांत पेज, खतखते आणि मऊ भात.

मग नुसती वाट पाहणे. हिरडी काही महिने शांत राहते का ते पाहिल्याशिवाय कोणी तारेचे नाव काढीना. नोव्हेंबर 2023 मध्ये आकडे टिकून होते, साखर 6.4 वर आली होती, आणि मॅडमनी केसपेपरवर लिहिले की आता ऑर्थोचा (दात सरळ करणाऱ्या विभागाचा) सल्ला घ्यायला हरकत नाही. त्या कागदाची मी झेरॉक्स काढून ठेवली आहे.

आता निवड करायची होती. बांबोळीला ऑर्थोचा विभाग आहेच आणि खर्चही कमी पडला असता, पण दर महिन्याला कामाच्या दिवशी सकाळ जाणार आणि ती दोन वर्षे. माझी रजा हिरडीच्या फेऱ्यांत आधीच संपत आली होती. ज्यांना वेळ काढता येतो त्यांनी तो मार्ग जरूर पाहावा. पणजीतल्या एका डॉक्टरांनी पारदर्शक साच्यांचे 1,40,000 सांगितले. त्यांनी तपासणी व्यवस्थित केली आणि साचे दिवसाचे वीस-बावीस तास घालावे लागतील, कलंडलेली दाढ उभी करायला ते तारेइतके सोपे पडणार नाहीत, हेही स्पष्ट सांगितले. फोंड्यात मात्र एका दवाखान्यात दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी ऑर्थोचे डॉक्टर येतात, आणि आमची पतसंस्था नेमकी त्याच शनिवारी बंद. धातूच्या ब्रॅकेटचे, म्हणजे दातावर चिकटवून तार धरणाऱ्या तुकड्यांचे, 49,000. सुरुवातीला 15,000 आणि मग महिन्याला 2,000 चे सतरा हप्ते. तिथेच ठरवले.

त्यांना मी एकच विनंती केली की डिसेंबरची जत्रा होऊ द्या. त्यांनी दोन एक्स-रे (1,400 रुपये), फोटो आणि दातांचे ठसे घेऊन ठेवले. ठशाचा गारगार लगदा टाळूला लागला की उमाळा येतो. तेव्हा नाकाने श्वास घेत पायाची बोटे हलवत राहायचे, हे तिथल्या मदतनीस बाईंनी सांगितले आणि ते खरेच लागू पडले.

13 जानेवारी 2024 ला तार लागली. दीड तास तोंड उघडे. दातांवर एक निळे जेल, मग निळा प्रकाश, एकेक ब्रॅकेट. माझ्यासाठी डॉक्टरांनी काही गोष्टी वेगळ्या केल्या आणि कारणेही सांगितली. दाढांभोवती बसणारी कडी टाळून नुसत्या नळ्या चिकटवल्या, कारण कडीच्या काठाशी हिरडी सुजते. तार बांधायला रबराच्या कड्यांऐवजी बारीक स्टीलच्या तारा, कारण रबरावर घाण जास्त धरते. पहिली तार अगदी बारीक, कारण हाड कमी असताना जोर कमी लावायचा. दर तीन महिन्यांनी हिरडीची सफाई करून घ्यायचीच, प्रत्येक वेळी 800 रुपये. ती चुकवली तर मी काम थांबवीन, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. चाळिशीतल्या कोणाला तार लावायची असेल आणि डॉक्टरांनी हिरडीचा विषयच काढला नाही, तर आपण काढावा.

पहिले तीन दिवस अवघड गेले. दुखणे ठणकणारे नव्हते, दातावर दात टेकला की सबंध जबड्यातून कळ जायची. पॅरासिटामॉल घेतली ती दोनच दिवस. उकड्या तांदळाची पेज आणि मऊ केलेली भाजी. चौथ्या दिवशी गालाच्या आतल्या बाजूला फोड आले, त्यासाठी मेणाचा छोटा गोळा ब्रॅकेटवर दाबून बसवायचा. आठवड्याने जीभ आणि गाल शिकले. दर वेळी तार बदलली की पुन्हा दोन दिवस तसेच, पण पहिल्यासारखे कधीच नाही.

काउंटरवर पहिल्या सोमवारी मी हात तोंडापुढे धरून बोलत होतो. रोज पिग्मीचे पैसे भरायला येणाऱ्या एक मासळीवाल्या बाई म्हणाल्या, "हात काढ रे बाबा, ऐकू येत नाही." तेव्हापासून हात काढला. लोक विचारत, मी सांगे की हिरडीच्या आजाराने दात सरकले. गंमत म्हणजे त्यातले निम्मे लगेच आवाज खाली आणून आपल्या रक्त येण्याचे सांगायचे.

खाण्यातले सांगतो. जत्रेचे खाजे दोन वर्षे बंद, चिक्की बंद, भाजलेले चणे बंद. नेवरी चालते, पण पुढच्या दातांनी तोडायची नाही, हाताने मोडून मागे चावायची. पेरू, कैरी, उंडा सगळ्याला सुरी. हळदीने माझे काही रंगले नाही, कारण रबर नव्हते. ज्यांच्या तारेला पांढरी रबरे असतात त्यांची दोन जेवणांत पिवळी होतात, मुलीच्या मैत्रिणींचे पाहिले आहे. बॅगेत घडीचा ब्रश, मेण, छोटा आरसा आणि मधला ब्रश कायम असायचे. दुपारच्या जेवणानंतर घासायला दहा मिनिटे लागत, ती आमच्या व्यवस्थापकांनी काही न बोलता दिली.

7 सप्टेंबर 2024, चवथ. गणपती आणून बसवला आणि आरतीच्या वेळी मागच्या दाढेपाशी तारेचे टोक सुटून गालात घुसले. दवाखाने बंद. वहिनींनी पेन्सिलच्या मागचे रबर स्वच्छ धुऊन दिले, त्याने टोक हळूच दाताकडे वळवले आणि वर मेण लावले. मंगळवारपर्यंत ते निभावले. सुट्ट्यांच्या आधीच्या आठवड्यात तारेची टोके दाखवून यावे, हे मी त्यातून शिकलो.

ऑक्टोबर 2024 मध्ये मुळांचा एक्स-रे काढला, कारण तारेने मुळांची टोके थोडी झिजू शकतात. माझ्या एका दाताचे टोक किंचित बोथट झाले होते. डॉक्टरांनी ते लपवले नाही. सहा आठवडे तार न बदलता तशीच ठेवली आणि त्यानंतर जोर आणखी कमी केला. त्यामुळे काम लांबले. मला तेव्हा घाई नव्हती. मिलिमीटरभर सरकायला साधारण महिना लागतो हे एकदा मनात बसले की माणूस शांत होतो.

त्या वर्षीच्या नाटकाला मी आधी नाही म्हटले होते. चुलतभाऊ दिग्दर्शन करतो, तो घरी आला. म्हणाला, "दादा, तारेचं सोड. तुझा 'स' ऐकव." मी एक उतारा म्हणून दाखवला. शीळ गेली होती. तारेमुळे 'च' थोडा जड होत होता, तेवढ्यासाठी मी महिनाभर पहाटे मोठ्याने वाचन केले. डिसेंबर 2024 मध्ये तार लावूनच रंगमंचावर उभा राहिलो. दिव्यात ब्रॅकेट चमकले असतील. स्वगत संपल्यावर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी नेहमीसारखी मान हलवली.

कलंडलेली दाढ उभी करायला एका स्प्रिंगने सात महिने घेतले, वर उतरलेली दाढ थोडी घासून पातळीत आणली. पुढची फट मे 2025 मध्ये बंद झाली. पण दोन दातांच्या मध्ये वर, हिरडीपाशी, काळा त्रिकोण राहिला. दातांमधले हिरडीचे टोक एकदा गेले की ते परत येत नाही. डॉक्टरांनी दोन्ही दातांच्या कडा मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशाने घासून त्यांना आणखी जवळ आणले, त्रिकोण लहान झाला. संपूर्ण गेला नाही. हे आधी माहीत असावे. ज्याला हिरडीचा आजार झाला आहे त्याला विशीतले दात परत मिळत नाहीत, उरलेले दात नीट जागी मिळतात.

11 ऑक्टोबर 2025 ला तार निघाली. एकवीस महिने. त्याच दिवशी वरच्या आणि खालच्या सहा-सहा पुढच्या दातांच्या मागून बारीक तार कायमची चिकटवली आणि रात्री घालायचा पारदर्शक साचा दिला. माझ्यासारख्याला हे जन्मभर, कारण धरून ठेवायला हाड कमी आहे. साच्याची आणि मागच्या तारेची वेगळी फी नव्हती, पण हे प्रत्येकाने सुरुवातीलाच विचारून लिहून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी ते वेगळे धरतात. नोव्हेंबरमध्ये जिभेला मागे खरखरीत लागले, एका दातावरून तार सुटली होती. दोन दिवसांत पुन्हा चिकटवून घेतली, 600 रुपये. सुटलेली तार तशीच ठेवली तर तो एकच दात निघून जातो म्हणतात. त्याच महिन्यात 2011 च्या त्या मोकळ्या जागेवर तीन दातांचा पूल बसवला, 13,500. चौदा वर्षांनी मी उजव्या बाजूने जेवलो. पहिला घास साध्या वरणभाताचा होता आणि मी चमचा खाली ठेवून थोडा वेळ थांबलो.

सगळा हिशेब वहीत आहे. तार, एक्स-रे, सात सफाया, पूल, ती 600 ची दुरुस्ती, एकूण सत्तर हजारांच्या आसपास, दोन वर्षांत पसरलेले. बांबोळीच्या फेऱ्या आणि साखरेच्या गोळ्या त्यात धरलेल्या नाहीत.

आठव्या सफाईला 20 डिसेंबर 2025 ला गेलो तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा सळई घेऊन सगळे आकडे मोजले. या वेळी मी स्वतःच तक्ता मागून मांडीवर घेतला. तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. तीन, दोन, दोन. उजवीकडे वर मागे एका ठिकाणी अजून पाच आहे, तिथे त्यांनी लाल पेनने गोल केला. पुढची तारीख 21 मार्च.